ग्राहक पुन्हा तोच प्रश्न विचारतोय? मग तुमच्या रेट कार्डकडे बघा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण दिवाळी फराळाच्या एका रेट कार्डची चिरफाड केली. व्हिडिओत सगळं भरभर दाखवावं लागतं, म्हणून इथे जरा निवांत लिहितोय. फराळ हे फक्त उदाहरण. तुमचं ब्युटी पार्लर असेल, शिवणकाम असेल, मोबाइल रिपेअरिंगचं दुकान असेल, तरी यातलं बहुतेक सगळं तुम्हाला लागू पडेल.

डिझाइन म्हटलं की लोक आधी मोबाइलवर कॅनव्हा उघडतात. टेम्प्लेट शोधतात, कोपऱ्यात पणती टाकतात, मागे सोनेरी नक्षी टाकतात. थांबा. कॅनव्हा नंतर. आधी व्हॉट्सअ‍ॅप उघडा आणि गेल्या पंधरा दिवसांत ग्राहकांनी काय काय विचारलं ते एका कागदावर उतरवून काढा. "अर्धा किलो मिळेल का?" "घरपोच देता का?" "ऑर्डर कधीपर्यंत द्यायची?" "किलोचा भाव काय म्हणालात?" प्रत्येक प्रश्नापुढे तो किती वेळा आला याच्या रेघा मारा.

आता गंमत बघा. यातल्या निम्म्याहून जास्त प्रश्नांची उत्तरं तुमच्या कार्डावर आधीच लिहिलेली सापडतील. म्हणजे माहिती होती, पण ग्राहकाला दिसली नाही. ज्याने फोन करून विचारलं तो भला माणूस. ज्याने विचारलं नाही, कार्ड बघून "जाऊ दे" म्हणाला आणि दुसरीकडे ऑर्डर दिली, त्याचा हिशोब तुमच्या कुठल्याच वहीत येत नाही. धंद्यातलं सगळ्यात गुपचूप होणारं नुकसान ते हेच.

तेव्हा ती प्रश्नांची यादी जपून ठेवा. ज्या प्रश्नापुढे सगळ्यात जास्त रेघा, त्याचं उत्तर कार्डावर सगळ्यात ठळक. डिझाइनचं अर्धं काम इथेच झालं, आणि अजून एक रंगसुद्धा निवडलेला नाही.

डब्याच्या झाकणावरून शिकूया

हे काम किती नेमकं करता येतं याचा नमुना मुंबईत रोज लोकलमधून फिरतो. डबेवाल्यांचा व्यवसाय १८९० पासून चालत आलाय. सुरुवातीच्या काळात डबे ओळखायला रंगीत दोरे, कापडाच्या चिंध्या वापरत. आता झाकणावर रंगाने खुणा केलेल्या असतात. मध्यभागी एक मोठा आकडा: डबा कोणत्या भागात उतरवायचा. कडेला बारीक खुणा: डबा कुठल्या उपनगरातून निघाला, शेवटी कोण पोचवणार, इमारत कोणती, मजला कितवा. इमारतीचं अख्खं नाव नाही, दोन-तीन अक्षरांत काम भागतं.

आता झाकणावर काय नाही ते बघा. गिऱ्हाईकाचं नाव नाही. पूर्ण पत्ता नाही. पिनकोड नाही. फोन नंबर नाही.

असं कसं चालतं? कारण डबा वाटेत हात बदलतो, आणि प्रत्येक हाताला वेगळी गोष्ट हवी असते. स्टेशनवर ढिगातून डबे वेगळे करणाऱ्याला फक्त मधला आकडा हवा. मजला कितवा याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. इमारतीखाली पोचलेल्याला मधला आकडा नको, त्याला मजला हवा. रिकामा डबा परत निघाला की कडेचं उपनगराचं अक्षर कामाला येतं. झाकण एकच, वाचणारे तीन-चार. ज्याला गर्दीत, घाईत, उभ्याउभ्या वाचायचंय त्याचा आकडा सगळ्यात मोठा. ज्याला शांतपणे बघायला दोन क्षण मिळतात, त्याच्या खुणा बारीक.

आपल्या कार्डाला हेच तीन प्रश्न विचारायचे. वाचणार कोण? तो कुठे उभा असेल? आणि त्याला पहिल्यांदा काय हवंय?

आता रेट कार्ड

व्हिडिओत दाखवलेलं जुनं कार्ड साधारण असं होतं. (भाव उदाहरणापुरते आहेत, यावर तुमचे दर ठरवू नका!)

"आमच्याकडे घरगुती, शुद्ध, स्वच्छ व रुचकर दिवाळी फराळ योग्य दरात मिळेल. चकली ४८० रु. किलो, अर्धा किलो २५०, पोहे चिवडा रु. ३६०/- किलो (अर्धा १९०), बेसन लाडू ६०० रुपये किलो, अर्धा ३१०/-, शेव ३४० किलो, १८० अर्धा किलो, अनारसे सातशे रु. किलो, अर्धा ३६०. ऑर्डर आगाऊ द्यावी. घरपोच सेवा उपलब्ध. अटी लागू."

मागे पणत्या, वर आकाशकंदील, अक्षरं सोनेरी. दिसायला छान होतं. प्रश्न एवढाच की चकली अर्धा किलो केवढ्याला, हे शोधायला बोट ठेवून वाचावं लागत होतं.

नवं कार्ड असं झालं:

दिवाळी फराळ: ऑर्डर २५ ऑक्टोबरपर्यंत
(दर रुपयांत: आधी अर्धा किलो, मग एक किलो)

तिखट
चकली: २५० | ४८०
पोहे चिवडा: १९० | ३६०
शेव: १८० | ३४०

गोड
बेसन लाडू: ३१० | ६००
अनारसे: ३६० | ७००

शेंगदाणा तेलात तळलेलं. १,५०० रुपयांच्या वर घरपोच मोफत, त्याखाली ६० रुपये.

आणि खाली, मोठ्या अक्षरांत, फोन नंबर. छापताना हे सरळ दोन रकान्यांचं कोष्टक होतं. "अर्धा किलो" आणि "एक किलो" हे शब्द रकान्याच्या डोक्यावर एकदाच येतात, "रु." एकदाच येतो. जुन्या कार्डात रुपये लिहायच्या चार तऱ्हा होत्या आणि किलो कधी आकड्याच्या आधी, कधी नंतर. प्रत्येक ओळीला डोक्याला नव्याने कोडं.

आकडे उजवीकडून एका रेषेत लावा, म्हणजे एककाखाली एकक येईल. शाळेत बेरीज मांडायचो तसंच. १,२०० चा एखादा पदार्थ असेल तर तो आपोआप डावीकडे बाहेर येतो आणि जास्त किमतीचा आहे हे न वाचताच कळतं. दुसरं, पदार्थाचं नाव आणि भाव यांच्यात मैदान सोडू नका. नाव कार्डाच्या डाव्या टोकाला आणि भाव उजव्या टोकाला असला की नजर वाटेत घसरते, चिवड्याचा भाव शेवेला लागतो, आणि मग डिलिव्हरीच्या वेळी वाद. जवळ आणा, नाहीतर मध्ये फिकट रेघ द्या.

"शुद्ध, स्वच्छ, रुचकर" गेलं. सगळेच लिहितात, म्हणून कोणीच वाचत नाही. त्याच्या जागी "शेंगदाणा तेलात तळलेलं" आलं, कारण त्यातून ग्राहकाला खरोखर काही कळतं. (खरं असेल तरच लिहा हे सांगायला नको.) "अटी लागू" पण गेलं. अट एकच होती, तीच लिहून टाकली.

इथे मला नेहमी एक प्रश्न येतो: "सर, फ्लेक्सचे पैसे चौरस फुटावर दिलेत, मग जागा रिकामी का सोडायची?" तुम्ही आपलं पारंपरिक ताट आठवा. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. मध्ये भात. प्रत्येकाची जागा ठरलेली आणि दोघांच्या मध्ये मोकळी जागा, म्हणून जेवणाऱ्याचा हात न बघता बरोबर जातो. आमटी कोशिंबिरीत गेली तर ताट "भरलेलं" दिसेल, पण जेवणार कोण? तिखट आणि गोड यांच्या मध्ये सोडलेली एक ओळ तेच काम करते.

कार्ड तयार झालं की लगेच ग्रुपवर टाकू नका. फोनचा ब्राइटनेस निम्मा करा आणि फोन घरातल्या किंवा शेजारच्या साठीच्या काकूंच्या हातात द्या. विचारा, "काकू, अर्धा किलो चकली आणि एक किलो लाडू घेतले तर किती होतील? आणि ऑर्डर कधीपर्यंत द्यायची?" बस. समजावून सांगायचं नाही, बोटाने दाखवायचं नाही. त्यांनी बोटांनी स्क्रीन मोठी केली तर अक्षर लहान आहे. त्या वर-खाली शोधत राहिल्या तर क्रम चुकलाय. चुकीची बेरीज सांगितली तर त्यांची आकडेमोड कच्ची नाही, तुमच्या ओळी कच्च्या आहेत. ८५० हे उत्तर पटकन आलं की कार्ड पास.

देवनागरीचे स्वतःचे नखरे

डिझाइनचे बरेच सल्ले इंग्रजी अक्षरांसाठी लिहिलेले असतात. ते जसेच्या तसे मराठीला लावले की घोळ होतो. इंग्रजीत शब्द ठळक करायला सगळी कॅपिटल अक्षरं वापरतात, आपल्याकडे कॅपिटल हा प्रकारच नाही. आपल्याला ठळकपणा आणायचा तो जाडीने किंवा आकाराने. इंग्रजीत अक्षरांमधलं अंतर वाढवून शब्द ऐटदार करतात. मराठीत तसं केलं की शिरोरेषेचे तुकडे होतात आणि शब्द मोडलेल्या कंगव्यासारखा दिसतो.

आपल्या अक्षरांना वर वेलांट्या, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार असतात. दोन ओळी चिकटवल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात अडकतो. म्हणून मराठीत दोन ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा थोडं जास्तच ठेवा.

आणि ते आउटलाइन, सावली, थ्री-डी? घ आणि ध, भ आणि म यांच्यातला फरक म्हणजे शिरोरेषेतली एवढीशी फट. अक्षराला जाड काळी किनार दिली की ती फट बुजते आणि ध चा घ, भ चा म होतो. क्ष, ष्ट, द्ध यांचे पोटातले मोकळे भागही भरून जातात. आकड्यांतही काही फॉन्टमध्ये १ आणि ९ लांबून सारखे दिसतात. म्हणून फोन नंबर मी तरी इंग्रजी आकड्यांतच छापायला सांगतो, पाच-पाच अंकांचे दोन गट करून. भाव मराठी आकड्यांत ठेवा किंवा इंग्रजी, पण एकाच कार्डावर दोन्हींची सरमिसळ नको.

फॉन्टसाठी पैसे घालवायची गरज नाही. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्ता आणि बलू हे देवनागरी फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मोफत आहेत आणि धंद्यासाठी वापरायला परवानगी आहे. भाव-बिव लिहायला मुक्ता, मोठ्या मथळ्याला बलू. दोन पुरे. तिसरा फॉन्ट आला की कार्डाची लग्नपत्रिका होते.

प्रिंटिंगवाल्याकडे मजकूर पाठवताना अजून एक धोका. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपींची सेटिंग बंद असेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते, जोडाक्षरं फुटतात, "दिवाळी"चं भलतंच काहीतरी होतं. स्क्रीनवरचा फोटो बघून "ओके" म्हणू नका. छापण्याआधी साध्या कागदावर एक प्रिंट मागा आणि प्रत्येक शब्दावर बोट ठेवून वाचा. फोन नंबर तर वाचू नकाच, त्या प्रिंटवर बघून डायल करा.

दुकानाचा बोर्ड

कार्ड हातात असतं, बोर्ड रस्त्यापलीकडून वाचायचा असतो. बोर्ड बनवणाऱ्यांमध्ये एक ढोबळ हिशोब चालतो: दर दहा फूट अंतरामागे एक इंच उंचीचं अक्षर. म्हणजे तीस फुटांवरून नीट वाचता यायला हवं असेल तर किमान तीन इंच. हा हिशोब इंग्रजी अक्षरांचा, आपल्या मात्रा-वेलांट्या धरून थोडं वाढवूनच घ्या.

महाराष्ट्रात हा आवडीनिवडीचा प्रश्नही नाही. नामफलक मराठीत, देवनागरी लिपीत असणं कायद्याने बंधनकारक आहे आणि मराठी अक्षरं दुसऱ्या भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर हे दहापेक्षा कमी कामगार असलेल्या छोट्या दुकानांनाही लागू झालं. तेव्हा बोर्ड रंगवायच्या आधीच याचा विचार करा, नंतर पुन्हा खर्च नको.

बोर्डावर किती मजकूर? दुकानाचं नाव, तुम्ही काय करता, आणि फार तर अजून एक गोष्ट. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर पन्नास शुभेच्छुकांचे फोटो असतात ना, त्यातला एक तरी चेहरा गाडीवरून जाताना ओळखू येतो का? पन्नास सेवांची यादी लिहिलेल्या बोर्डाचं तेच होतं.

पाकिटावरचं लेबल

इथे मात्र मजकूर कमी करून चालत नाही. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर काय काय हवं हे नियमांत ठरलेलं आहे: पदार्थाचं नाव, घटक (वजनाने जास्त असलेला आधी), निव्वळ वजन, सर्व करांसहित एमआरपी, तयार केल्याची आणि कधीपर्यंत वापरावं याची तारीख, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक, तक्रारीसाठी संपर्क, वगैरे. काही आकड्यांची किमान उंचीसुद्धा ठरलेली आहे. छपाईला देण्याआधी एफएसएसएआय आणि वैधमापन विभागाचे त्या वेळचे नियम वाचून घ्या, कारण ते बदलतात.

पण क्रम इथेही तुमच्याच हातात आहे. पुढच्या बाजूला नाव, वजन आणि शाकाहारी खूण ठळक. मागे बाकी सगळं, पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत. पारदर्शक पिशवीवर थेट छापू नका, मागे चिवडा दिसतो आणि अक्षरं त्या शेंगदाण्यांत हरवतात. शेंगदाणा किंवा दूध असेल तर ते वेगळ्या ओळीत, सहज दिसेल असं लिहा. ज्याला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे त्याच्यासाठी तुमच्या पाकिटावर त्या एका ओळीपेक्षा महत्त्वाचं काहीच नाही. तारखेसाठी पांढरा, चकाकी नसलेला चौकोन सोडा. गुळगुळीत प्लास्टिकवर पेनाने लिहिलेली तारीख दोन हात लागले की पुसली जाते.

शाकाहारी-मांसाहारी खुणेवरून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. आधी दोन्हींत गोल ठिपकाच असायचा, एकात हिरवा, दुसऱ्यात तपकिरी. एफएसएसएआयच्या २०२० च्या लेबलिंग नियमांत मांसाहारासाठी तपकिरी त्रिकोण आला. काही लोकांना, त्यातही पुरुषांना जास्त, लाल-हिरवा-तपकिरी हे फरक नीट दिसत नाहीत. आता रंग ओळखला नाही तरी आकार बघून कळतं. तुम्हीसुद्धा "हिरवं स्टिकर म्हणजे कमी तिखट, लाल म्हणजे जास्त" एवढ्यावर थांबू नका. एक मिरची, तीन मिरच्या काढा किंवा सरळ शब्द लिहा.

बँकेत जाताना

शेवटी कर्जाची फाइल. इथे ग्राहकाच्या जागी बँकेचा अधिकारी, आणि त्याचा प्रश्न एकच: पैसे परत येणार का? तुमचं वर्षभराच्या विक्रीचं बारा आकड्यांचं कोष्टक बरोबर असेल, पण त्यातून गोष्ट त्याला स्वतः शोधावी लागते. बारा महिन्यांचे बारा उभे खांब काढा आणि वर "मासिक विक्री" लिहू नका. जे सांगायचंय ते लिहा: "विक्री ऑक्टोबरमध्ये वाढते, माल सप्टेंबरमध्ये घ्यावा लागतो." आता खेळत्या भांडवलाची मागणी सप्टेंबरमध्ये का आहे हे खांब बघताच त्याला दिसतं.

खांब नेहमी शून्यापासून सुरू करा. समजा गेल्या वर्षी महिन्याला ५०,००० विक्री होती, यंदा ५४,००० आहे. वाढ ८ टक्के. तुम्ही खांब ४८,००० पासून सुरू केला तर यंदाचा खांब गेल्या वर्षीच्या तिप्पट उंच दिसेल. मोह होतो. पण समोरचा माणूस दिवसभर हेच चार्ट बघत बसलेला असतो, त्याला ही युक्ती लगेच कळते आणि मग फाइलमधल्या खऱ्या आकड्यांवरही त्याचा विश्वास राहत नाही. चार्टमधले आकडे तुमच्या बँक स्टेटमेंटशी आणि भरत असाल तर जीएसटी रिटर्नशी जुळलेच पाहिजेत. थ्री-डी खांब नको, नऊ तुकड्यांचा गोल पायचार्ट नको.

प्रत्येक खांबाच्या डोक्यावर त्याचा आकडा लिहा. आणि रंगांवर भिस्त ठेवू नका, कारण फाइल वरच्या ऑफिसात जाते ती बऱ्याचदा झेरॉक्स होऊन. तुमचा लाल खर्च आणि हिरवी विक्री तिथे एकाच करड्या रंगात पोचतात. एक गडद, एक फिकट ठेवा, नाव खांबाजवळच लिहा, आणि फाइल देण्याआधी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन एक ब्लॅक अँड व्हाइट झेरॉक्स स्वतः काढून बघा.